फोटो हा कोटेशनचाच भाग: इंटिरियर व्यवसायाच्या फोटोशूटची आखणी

आजचा विषय फोटोशूटचा आहे. समोर बसलेल्यांपैकी बहुतेकजण ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या पट्ट्यात घरांची कामं करणारे आहेत, असं आयोजकांनी सांगितलंय. तेव्हा कॅमेरा कुठला आणि फोटोग्राफर किती घेतो, हे थोडं बाजूला ठेवू. सुरुवात सॅम्पल फ्लॅटपासून करू.

घोडबंदर रोडला, कल्याण-शीळ रस्त्याला नवीन इमारत उभी राहिली की खाली सॅम्पल फ्लॅट असतो. तुम्ही तो कामाच्या नजरेने पाहिलेला आहे. पलंग बेताचा आखूड, कपाट इतकं उथळ की हँगर आडवा बसणार नाही, खोल्यांना दारंच नाहीत, आणि एका भिंतीवर वरपासून खालपर्यंत आरसा. ग्राहक आत येतो, त्याला वाटतं, बसेल की आपलं सगळं! मग ताबा मिळाल्यावर तोच माणूस तुमच्याकडे येतो आणि म्हणतो, "तिथे मोठं वाटलं होतं हो."

आता गंमत बघा. कायदा या सॅम्पल फ्लॅटला सजावट मानत नाही. २०१६ च्या रेरा कायद्याचं कलम १२ सांगतं की जाहिरात, माहितीपत्रक किंवा नमुना सदनिका यांतल्या खोट्या माहितीवर विसंबून कुणी पैसे भरले आणि त्याचं नुकसान झालं, तर विकासकाला भरपाई द्यावी लागते. ग्राहकाला बाहेर पडायचं असेल तर पैसे व्याजासह परत. म्हणजे नमुना दाखवणं हे आश्वासन देणं आहे. हे कलम बिल्डरसाठी आहे, आपल्यासाठी नाही. पण ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आपल्यालाही लागू आहे, कारण आपण सेवा विकतो. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला त्यात पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत आणि पुढच्या वेळी ५० लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. डोंबिवलीतल्या चार माणसांच्या ऑफिसवर उद्या कुणी धाड घालणार नाही, हे आम्हालाही कळतं. मुद्दा दंडाचा नाहीच. मुद्दा असा की गिऱ्हाईक तुमचा फोटो मोबाईलवर उघडून तुमच्यासमोर धरतं आणि म्हणतं, "आम्हाला असं हवंय." त्या क्षणी तो फोटो कोटेशनचा भाग होतो, तुमची इच्छा असो वा नसो. कोटेशनमधल्या ओळी आपण तीनदा तपासतो आणि फोटो मात्र "छान आलाय" म्हणून टाकून देतो.

म्हणून आखणीची पहिली बैठक फोटोग्राफरबरोबर नको, आपली आपल्याशी हवी. त्या बैठकीत एकच प्रश्न: आपल्याकडे येणारा माणूस कशाला घाबरतो? कारण आपल्या पट्ट्यातलं गिऱ्हाईक स्वप्नं घेऊन येतं हे खरं, पण त्याहून जास्त भीती घेऊन येतं. चारशे फुटांचा वन बीएचके, त्यावर वीस वर्षांचं कर्ज, घरात आजी, दोन मुलं, आणि नवरा-बायको दोघंही सकाळची लोकल पकडणारे. त्यांना विचारायचं असतं की सुतार काम अर्धवट टाकून गावाला गेला तर काय? प्लाय सांगितलाय तोच लागेल का? या खोलीत दोन मुलं खरंच झोपतील का? पावसाळ्यात ट्रॉल्या फुगतील का? यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर सोफ्यावर मांडलेल्या तीन उशा देत नाहीत.

भीतींची ही यादी झाली की तीच शूटची यादी. प्रत्येक भीतीसमोर एक फोटो किंवा फोटोंची जोडी लिहायची. आम्ही कागदाच्या डाव्या बाजूला गिऱ्हाइकाचं वाक्य लिहितो, त्याच्याच शब्दांत, आणि उजव्या बाजूला चौकट. डावी बाजू रिकामी राहील असा फोटो यादीत घेत नाही. तशा फोटोंचा मोह फार होतो, विशेषतः फुलदाण्यांचा. (हशा)

एक उदाहरण घेऊ. "दोन मुलं झोपतील का?" भिंतीत दुमडणारा पलंग आहे, खालचं टेबल अभ्यासाचं. याचा एक फोटो निरुपयोगी आहे. पलंग मिटलेला दाखवला तर नुसती भिंत दिसते, उघडलेला दाखवला तर नुसती गर्दी. इथे तिवई एका जागी रोवायची, जमिनीवर चिकटपट्टीने पायांच्या खुणा करायच्या, आणि त्याच कोनातून दोन फोटो काढायचे: दुपारी चारचा अभ्यास आणि रात्री दहाची झोप. लहान घरात आपण जागा वाढवत नाही, एकाच जागेला दोन वेळा देतो. हे आपलं खरं कौशल्य, आणि ते जोडफोटोतच दिसतं.

यातून पुढची गोष्ट निघते, आणि आजच्या बोलण्यातली ही आम्हाला सगळ्यात महत्त्वाची वाटते. शूट हँडओव्हरच्या दिवशी सुरू होत नाही. काम ज्या दिवशी सुरू होतं त्याच दिवशी सुरू होतं. आपल्या कामातलं जे खरं मोलाचं, ते लॅमिनेट चढलं की कायमचं झाकलं जातं. प्लायचंच घ्या. आयएस ७१० म्हणजे मरीन प्लाय, आयएस ३०३ म्हणजे सर्वसाधारण वापराचा. हा शिक्का, त्यावरचं आयएसआय चिन्ह आणि परवाना क्रमांक बोर्डाच्या पृष्ठभागावर असतो, आणि कपाट तयार झाल्यावर तो बघायचा तर कपाट फोडावं लागेल. सिंकखालच्या कपाटाला तुम्ही ७१० वापरलाय आणि त्याचे पैसे घेतलेत, तर त्या शिक्क्याचा फोटो तिथेच, त्याच ओट्याखाली, लॅमिनेटच्या आधी निघाला पाहिजे. बाथरूमच्या वॉटरप्रूफिंगनंतर पाणी साठवून ठेवतो तो दिवस. भिंतीत गेलेल्या वायरींचे पाईप, शेजारी मापाची टेप धरून. हा फोटो तर घरमालकाला पुढे खिळा ठोकतानाही उपयोगी पडतो. यासाठी मोठा कॅमेरा लागत नाही. साईट सुपरवायझरचा मोबाईल आणि ठरलेल्या चार जागा पुरतात. मात्र जागा ठरलेल्या हव्यात. पहिल्या दिवशी हॉलच्या दारातून छातीच्या उंचीवरून एक फोटो, आणि मग दर शनिवारी तिथूनच. तीन महिन्यांनी तुमच्याकडे बारा फोटोंची जी माळ तयार होते, ती "किती दिवस लागतात" या प्रश्नाचं उत्तर देते. तुम्ही शब्दांत दिलेल्या उत्तरावर कुणी विश्वास ठेवत नाही, हे तुम्हाला माहीतच आहे.

याच यादीत माणसं येतात. ब्रँड शूट म्हटलं की बहुतेकजण स्वतःचा एक फोटो काढून घेतात: हाताची घडी, मागे राखाडी भिंत. तो असू द्या, व्हिजिटिंग कार्डाला लागतो. पण गिऱ्हाइकाच्या घरात तीन महिने कोण वावरणार आहे? सुतार, रंगारी, पीओपीवाला, इलेक्ट्रिशियन. आपल्याकडचे कितीतरी सुतार राजस्थानातून, उत्तर प्रदेशातून आलेले आहेत, आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा हात आहे तो. रंधा मारताना, कडेची पट्टी बसवताना, बिजागरी जुळवताना त्यांचे फोटो काढा. आधी विचारा, चेहरा दाखवायचा की नुसते हात हे त्यांना ठरवू द्या, नाव द्यायला त्यांची हरकत नसेल तर नाव द्या. त्या दिवशीची हजेरी पूर्ण लावा, कारण फोटोसाठी काम थांबवलं की त्याचा रोज बुडतो. आणि हेल्मेट-मोजे शूटपुरते घालायला लावू नका. रोज घालत असतील तर दिसू द्या, नसतील तर आधी रोज घालायला लावा.

आता भिंगाकडे येऊ, कारण सॅम्पल फ्लॅटची युक्ती कॅमेऱ्यातही आहे. पूर्ण आकाराच्या सेन्सरवर १६ मिलिमीटरचं भिंग आडवा सुमारे ९७ अंशांचा पट्टा पकडतं, २४ चं सुमारे ७४, आणि ३५ चं सुमारे ५४. दहा बाय दहाच्या बेडरूममध्ये १६ लावलं की खोली हॉलसारखी दिसते, कडेचं कपाट ताणलं जातं, पलंगाचं पायथ्याकडचं टोक होडीसारखं पुढे येतं. लोक ते बघतात, खूश होतात आणि मग प्रत्यक्ष घर बघायला येतात. आमचा नियम साधा आहे. २४ च्या खाली जायचं नाही, आणि २४ मध्ये खोली बसत नसेल तर पूर्ण खोली दाखवायची नाही. दारात उभं राहून माणसाला जेवढं दिसतं तेवढं दाखवायचं, उरलेलं ३५ ने तुकड्या-तुकड्यांत. कॅमेरा छातीच्या किंवा त्याहून थोड्या खालच्या उंचीवर, अगदी पातळीत. तो वर-खाली झुकला की भिंतींच्या उभ्या कडा तिरक्या होतात आणि सुताराने गुण्याने केलेलं काम फोटोत वाकडं दिसतं. स्वयंपाकघरात ओट्याच्या थोडं वर. आणि फोटोखाली माप लिहा: "बेडरूम, १० फूट बाय ९ फूट ६ इंच." आपल्या धंद्यात फोटोखाली माप लिहिण्याची पद्धत जवळजवळ नाहीच. का नाही, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे.

कुणी म्हणेल, मग मांडामांड करायचीच नाही का? तसं नाही. लॉस एंजलिसमधलं पिएर कोनिगचं काचेचं घर, ज्यूलियस शुलमनने १९६० साली काढलेला त्याचा रात्रीचा फोटो तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. कड्यावर तरंगणारी बैठकीची खोली, आत गप्पा मारणाऱ्या दोन तरुणी, खाली शहराचे दिवे. त्या वेळी ते घर पूर्ण झालेलंही नव्हतं आणि सामान बाहेरून आणलेलं होतं. शहराच्या दिव्यांसाठी कित्येक मिनिटं शटर उघडं ठेवून मग आतल्या माणसांसाठी फ्लॅश मारलेला. म्हणजे पुरेपूर आखलेला फोटो. पण तो खोटा नाही, कारण काच, कडा आणि आतबाहेरचं नातं घरात जसं होतं तसंच फोटोत आहे. आमच्या मते रेघ इथे आहे. उशी आणा, झाड आणा, इस्त्री केलेला पडदा लावा. भिंत सरकवू नका.

आता दिवस कुठला निवडायचा. हे जरा सविस्तर सांगतो, कारण इथे पैसे वाचतात.

घर तयार झालं आहे आणि कुटुंब अजून राहायला आलेलं नाही, एवढीच आपली फट. आपल्याकडे ती फट पंचांग ठरवतं. लोकांना दसऱ्याला, पाडव्याला, अक्षय्य तृतीयेला प्रवेश करायचा असतो. दसऱ्याच्या प्रवेशाची घरं भाद्रपदात संपत येतात, मग पितृपक्ष लागतो आणि त्या पंधरवड्यात नव्या घरात सहसा कुणी पाऊल ठेवत नाही. घरं तयार, सुतार मोकळे, कुटुंब जुन्या घरी. आमच्या दृष्टीने वर्षातला हा सगळ्यात सोयीचा काळ. पाऊस पूर्ण गेलेला नसतो, पण ढगांमधून येणारा उजेड मऊ असतो, सावल्या कडक पडत नाहीत. मात्र एक विचारून घ्या. वास्तुशांतीच्या आधी परकी माणसं घरात कॅमेरा घेऊन आलेली काही जणांना आवडत नाही. त्यांचं नाही म्हणजे नाही, त्यावर वाद घालू नका.

आता सूर्य. ठाणे साधारण १९ अंश उत्तरेला आहे. मे महिन्याच्या मध्याला भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, खिडकीतून थेट ऊन आत येतच नाही. डिसेंबरच्या अखेरीस मात्र तोच सूर्य साडेबाराच्या सुमारास दक्षिणेला क्षितिजापासून फक्त ४७ अंशांवर असतो. वर छज्जा नसेल तर सात फूट उंचीच्या दक्षिणेच्या सरकत्या दारातून ऊन जवळजवळ साडेसहा फूट आत येतं. म्हणजे एकाच हॉलचा मे आणि डिसेंबरचा फोटो दोन वेगळ्या घरांचे वाटतील. गिऱ्हाइकाचं घर दक्षिणमुखी असेल आणि त्याला उन्हाची ऊब दाखवायची असेल तर डिसेंबर-जानेवारी. आणि ठाण्यातल्यांसाठी खास: घोडबंदर रोडच्या पश्चिमेला येऊरचे डोंगर आहेत. कॅलेंडरवर सूर्यास्त सहाचा असला तरी पश्चिमेच्या खिडकीतलं ऊन डोंगरामागे आधीच जातं, खालच्या मजल्यांवर तर बरंच आधी. तेव्हा आदल्या आठवड्यात त्याच घरात त्याच वेळी जाऊन उभं राहा आणि ऊन कधी जातं ते घड्याळात बघून लिहून ठेवा. इंटरनेटवरची वेळ इथे पुरत नाही.

दिव्यांचं एक. छताच्या पट्टीत ३००० केल्विनचा पिवळा उजेड, स्वयंपाकघरात ६५०० ची पांढरी ट्यूब आणि खिडकीतून दिवसाचा उजेड असं तिन्ही एकत्र आलं की पांढरी भिंत तीन रंगांची दिसते. शूटच्या वेळी हे निस्तरत बसण्यापेक्षा कामाच्या वेळीच एका घरात एकच रंग ठरवा, घरालाही ते बरं. आणि स्वस्त एलईडी ड्रायव्हर लुकलुकतो. डोळ्याला कळत नाही, पण शटर वेगवान ठेवलं की फोटोत आडवे पट्टे येतात. तिवईवर, सावकाश शटरने काढा.

दिवस रविवार घेतलात तर मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक आधी बघा, साहाय्यक डोंबिवलीहून निघून ठाण्याला कधी पोचेल याचा भरवसा नसतो. सामान टेम्पोने शीळफाट्यावरून आणणार असाल तर पहाटे निघा. सोसायटीच्या सेक्रेटरीला लेखी कळवा. सामानाची लिफ्ट, पाहुण्यांचं पार्किंग आणि वॉचमन हे तिघं ऐनवेळी अडवतात. त्या दिवशी इमारतीत वीज किंवा पाणी बंद नाही ना, हे विचारा. वन बीएचकेला आम्ही अख्खा दिवस ठेवतो आणि सात-आठ पक्क्या चौकटींहून जास्त अपेक्षा धरत नाही. घर सकाळी आठला पुसून तयार हवं, आणि स्विचबोर्डवरचं, हँडलवरचं, मायक्रोवेव्हवरचं प्लॅस्टिक काढलेलं हवं. ते राहून गेलं तर फोटोत हमखास तेवढंच दिसतं.

आता परवानगी. हे घर आपण केलं असलं तरी ते आपलं नाही. तोंडी "हो हो, काढा ना" यावर थांबू नका. एका पानाचं पत्र करा, मराठीत, आणि त्यात स्पष्ट लिहा: कुठल्या खोल्या, फोटो कुठे वापरणार, किती काळ, नाव-पत्ता दिसणार नाही, मुलांचे चेहरे येणार नाहीत, आणि पुढे नको वाटलं तर सांगा, आमच्या पानांवरून काढू. दाराची पाटी, फ्लॅट नंबर, खिडकीतून दिसणारी शेजारच्या टॉवरची ओळखीची पाटी, कपाटातली तिजोरी, हे चौकटीतून बाहेर ठेवा. मोबाईलच्या फोटोत जागेचा ठावठिकाणा नोंदला जातो, तो काढून टाका. आपल्या गिऱ्हाइकांमध्ये दिवसभर घर बंद ठेवून कामावर जाणारी माणसं पुष्कळ आहेत, आणि घराच्या आतला नकाशा लोकांसमोर मांडण्याचा त्यांच्यासाठी काय अर्थ होतो, हे फोटो टाकण्याआधी डोळ्यांसमोर आणा. देव्हाऱ्याचा फोटो काढायचा तर घरच्यांना हलवू द्या, आपण हात लावायचा नाही.

फोटोचा मालक कोण, हे पैसे देण्याआधी ठरवा. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १७ प्रमाणे, मोबदला देऊन कुणी फोटो काढून घेतला आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक काम सांगणारा. पण बहुतेक व्यावसायिक फोटोग्राफर करारात वेगळं लिहितात: मालकी त्यांची, तुम्हाला वापराचा परवाना. त्यात चूक काही नाही, दर त्यावरच ठरतो. फक्त वाचा. मॉड्युलर किचनवाल्याने खर्चात वाटा उचलला असेल तर तो ते फोटो त्याच्या जाहिरातीत वापरणार का आणि तुमचं नाव देणार का, हेही तेव्हाच लिहून घ्या. फायली मूळ आकारात घ्या, व्हॉट्सअॅपवर आलेल्या नकोत.

वेळ होत आली, दोन-तीन प्रश्न आलेत चिठ्ठीवर, ते घेतो.

"काम नवीन आहे, दाखवायला घरं नाहीत, थ्रीडी चित्रं टाकली तर चालतील का?" चालतील, पण चित्रावरच ठळक लिहा: "संगणकीय चित्र, काम झालेलं नाही." दुसऱ्याचे फोटो तर नकोच. त्यापेक्षा स्वतःच्या घरातलं एक कपाट नीट करा आणि त्याचे वीस फोटो काढा.

"मोबाईलवर काढले तर?" साईटवरचे सगळे मोबाईलवरच काढा. तयार घराचेही काढता येतात, तिवई आणि मुख्य भिंग वापरलंत तर. ते साधारण २४ ते २६ मिलिमीटरच्या आसपास असतं. अर्धा म्हणून जो पर्याय येतो तो सुमारे १३ चा असतो, त्याला हात लावू नका.

"गिऱ्हाईक घराचा फोटो नको म्हणालं आणि आमचं सगळ्यात चांगलं काम तेच असेल तर?" मग घर सोडा, वस्तू घ्या. त्यालाच विचारा की कपाटाचा सांधा, ट्रॉलीचा कोपरा, ओट्याची कड, असे दोन हातांच्या अंतरावरचे फोटो चालतील का. तेवढ्यात कुणाचं घर ओळखू येत नाही, बहुतेक लोक हो म्हणतात. आणि तेही नको म्हणाले तर सहा महिन्यांनी एकदा बिजागऱ्या जुळवायला जा, तेव्हा पुन्हा विचारून बघा. तोवर त्यांना ट्रॉल्या फुगल्या की नाही ते कळलेलं असतं.